रस्त्यातला पैसा कुठे गेला हे स्वतः कसं शोधायचं

आमच्या वस्तीकडे जाणारा काँक्रीटचा रस्ता मार्चमध्ये झाला आणि ऑगस्टपर्यंत त्याची वरची साल निघायला लागली, खडी उघडी पडली, दोन ठिकाणी कडा तुटून खाली गेल्या. लोक म्हणाले चालायचंच, खातात पण काम तरी करतात ना. मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. मग आम्ही चार जणांनी ठरवलं की यावेळी नुसतं बोलायचं नाही, कागद काढायचे आणि टेप घेऊन मोजायचं. त्यात साधारण दीड वर्ष गेलं आणि त्यातले निम्मे महिने आमच्या स्वतःच्या चुकांमुळे गेले, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय. महाराष्ट्रात कुणालाही आपल्या गावातल्या नाहीतर वॉर्डातल्या सरकारी कामाचा हिशोब मागायचा असेल तर हे कामाला येईल.

पहिली गोष्ट, एकच काम निवडा. आम्ही माहिती अधिकाराखाली पहिला अर्ज केला तो "गेल्या ५ वर्षांतल्या सर्व विकासकामांची माहिती मिळावी" असा आणि उत्तर आलं की माहिती व्यापक आहे, देता येत नाही. महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा असं आहे, त्यामुळे असा ढीगभर अर्ज आयताच बाजूला टाकता येतो. काम असं निवडा जे टेपने मोजता येतं आणि जागेवरून हलत नाही. काँक्रीटचा रस्ता, गटार, कंपाउंड वॉल, सभामंडप हे चांगलं. प्रशिक्षण, जनजागृती, वृक्षलागवड यातही पैसे जातात पण तिथे वर्षभरानंतर मोजायला काही शिल्लक नसतं, सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका.

अर्ज करायच्या आधी फुकट काय मिळतं ते बघून घ्या. कामाच्या जागी माहिती फलक असतो, त्यावर कामाचं नाव, रक्कम, योजना, ठेकेदार आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, लिहिलेला असतो. त्याचा लगेच फोटो काढून ठेवा, कारण फलक नंतर दिसेलच असं नाही, आमचा दिवाळीपर्यंत गायब झाला होता. ग्रामपंचायतीचं काम वित्त आयोगाच्या पैशातलं असेल तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा आणि खर्च दिसतो. १५ व्या वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीचा वाटा तिच्या खात्यात यायचा आणि २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांत त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी, बाकी ४० टक्के अबंधित. रस्ता बंधित निधीतून दाखवला असेल तर प्रश्न तिथेच उभा राहतो. आणि शिवाय राज्य सरकारने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये परिपत्रक काढलेलं आहे की जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइली बघायला द्यायच्या. बऱ्याच ठिकाणी तिथल्या क्लार्कलाच हे माहीत नसतं, परिपत्रकाची प्रिंट खिशात ठेवून जा आणि शांतपणे दाखवा.

आता खरा मुद्दा, कोणते कागद मागायचे.

काम कुठलंही असो, फाइलमध्ये एक साखळी असते. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश म्हणजे वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तक, बिलं, आणि शेवटी पूर्णत्वाचा दाखला. सगळेच महत्त्वाचे आहेत पण तुमच्याकडे वेळ कमी असेल तर दोन कागदांवर जीव लावा, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक. मोजमाप पुस्तकाला सगळे एमबीच म्हणतात. अंदाजपत्रक सांगतं काय करायचं ठरलं होतं आणि एमबी सांगते की इंजिनीअरने जागेवर जाऊन काय मोजलं, आणि ठेकेदाराला पैसे मिळतात ते एमबीवरून. रस्ता प्रत्यक्षात कसाही असो, एमबीत ३ मीटर रुंद असेल तर बिल ३ मीटरचंच निघतं. म्हणजे चोरी कागदावर जर कुठे सापडणार असेल तर ती इथेच सापडते.

अर्ज महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' मध्ये करायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. ऑनलाइन पोर्टलवरूनही होतो पण ते कार्यालय पोर्टलवर असायला हवं, गावपातळीवर हाताने देणंच बरं पडतं. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का-तारीख घ्यायची, म्हणजे पोच. पोच नसेल तर तुमचा अर्ज झालाच नाही असं समजा. आम्ही शेवटी जो मजकूर लिहिला तो साधारण असा होता:

"अमुक वस्ती ते मुख्य रस्ता काँक्रिटीकरण या कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. १) प्रशासकीय व तांत्रिक मान्यता आदेश २) दरपृथक्करणासह अंदाजपत्रक ३) तुलनात्मक तक्ता व कार्यारंभ आदेश ४) मोजमाप पुस्तकाची या कामाशी संबंधित सर्व पाने ५) सर्व देयके व काँक्रीट क्यूब टेस्टचे अहवाल ६) काम पूर्णत्वाचा दाखला व सोबतचे फोटो. तसेच कलम २(ञ) नुसार प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्यासाठी व साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी."

यातलं दरपृथक्करण म्हणजे दर कसा काढला त्याची फोड, तुलनात्मक तक्ता म्हणजे आलेल्या निविदांचे दर शेजारी-शेजारी मांडलेला कागद आणि क्यूब टेस्ट म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्याची ताकद तपासणं. शेवटचं वाक्य अजिबात सोडू नका. माहिती अधिकार म्हणजे फक्त झेरॉक्स असं बहुतेकांना वाटतं, पण २००५ च्या कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचा हक्क सरळ लिहिलेला आहे. हे वाक्य वाचल्यावर कार्यालयातला माणूस पहिल्यांदा अर्ज नीट वाचतो हे मी डोळ्यांनी बघितलंय.

अर्जात "का" लिहू नका. रस्ता निकृष्ट का झाला, जबाबदार कोण, कारवाई का नाही केली, असले प्रश्न विचारले की "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" असं उत्तर येतं, आणि ते पूर्ण चुकीचंही नसतं कारण सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय की जी माहिती रेकॉर्डवर आहे तीच द्यायची, मत किंवा नवी माहिती तयार करून द्यायची नाही. म्हणून फक्त कागदाचं नाव लिहा. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट आहे, कुणी विचारलं तर सांगू नका. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो परत पाठवायचा नसतो, ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो.

३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर मागितलेली माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६), हेही लक्षात ठेवा. पण वाट बघत बसू नका, एकतिसाव्या दिवशी पहिलं अपील टाका, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. इथे आम्ही सगळ्यात मोठी चूक केली, साहेब म्हणाले पुढच्या आठवड्यात देतो आणि आम्ही असे तीन महिने पुढचे आठवडे मोजत बसलो, अपिलाची ३० दिवसांची मुदत निघून गेली आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. पहिलं अपील ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाली काढायचं असतं. सुनावणीला स्वतः जा, एकटे जाऊ नका, आणि भांडू नका, फक्त म्हणा की मुद्दा क्रमांक ४ ची पानं मिळाली नाहीत. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे प्रकरणं तुंबलेली असतात, तिथे वेळ जातो हे धरून चाला. माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड होऊ शकतो आणि तो त्याच्या खिशातून जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या अर्जातच कलम २० चा उल्लेख नम्रपणे करून ठेवायचा.

नकार देताना दोन कलमं जास्त करून दाखवतात. एक ८(१)(घ), व्यापारी गुपित. निविदा उघडून काम दिलं, बिल निघालं, त्यानंतर सरकारी पैशाने बांधलेल्या रस्त्याची लांबी-रुंदी कुणाचं गुपित असू शकत नाही. दुसरं ८(१)(ञ), वैयक्तिक माहिती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने हे कलम आणखी रुंद करून ठेवलंय आणि मला हे खरंच काळजीचं वाटतं, कारण आता कुणाचंही नाव असलेला कागद वैयक्तिक म्हणून अडवता येईल. त्यावर कलम ८(२) दाखवा, जनहित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते, ते अजून कायद्यात आहे. आणि "फाइल आढळून येत नाही" हे उत्तर आलं तर घाबरू नका, महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ खाली रेकॉर्ड गहाळ करणं हा गुन्हा आहे, त्या कायद्याचं नाव घालून फाइलचा शोध कधी, कुणी, कुठे घेतला ते लेखी मागा. आमची फाइल तेवढ्या एका पत्रानंतर नऊ दिवसांत सापडली.

एमबी हातात आली की

पहिल्यांदा बघितल्यावर काही कळत नाही, गिचमिड अक्षर आणि आकडे. पण रचना सोपी असते. कामाचं वर्णन, मग नग, लांबी, रुंदी, उंची किंवा जाडी, आणि शेवटी परिमाण म्हणजे या सगळ्यांचा गुणाकार. खाली कनिष्ठ किंवा शाखा अभियंत्याची सही, मग उपअभियंत्याची तपासल्याची सही, तारखा. आमच्या पानावर होतं १२० × ३.०० × ०.१५ = ५४ घनमीटर.

आम्ही रविवारी सकाळी सात वाजता गेलो, ३० मीटरची टेप, लोखंडी पट्टी, खडू आणि वही. दर दहा मीटरवर खडूने खूण केली. लांबी भरली ११२. रुंदी कुठे २.७५ कुठे २.८५, सरासरी २.८०. जाडीसाठी कडेची माती उकरून पट्टी लावली, दोन्ही बाजूंनी मिळून बावीस ठिकाणी, तर वस्तीच्या तोंडाशी, जिथे साहेब गाडीतून उतरून बघतात, तिथे बरोबर पंधरा सेंटीमीटर आणि मागे ओढ्याकडे जाताना कुठे अकरा कुठे नऊ. सरासरी बारा. म्हणजे ११२ × २.८० × ०.१२ करून साडेसदतीस घनमीटरच्या आसपास काँक्रीट. चोपन्नातून सोळा घनमीटर कमी, जवळजवळ तीस टक्के. एका घनमीटरला सिमेंटच्या सहा ते आठ गोण्या लागतात, तर सरासरी सातच्या हिशोबाने शंभरावर गोण्या रस्त्यात आल्याच नाहीत. आमच्यातले एक काका गवंडीकाम करतात, ते ती नऊ सेंटीमीटरची कड हाताने चाचपून बराच वेळ तिथेच बसून राहिले, म्हणाले घरातल्या कोब्याला मी याच्यापेक्षा जास्त माल टाकतो.

कडेची जाडी आणि मधली जाडी वेगळी असू शकते हे खरं आहे आणि इंजिनीअर हाच मुद्दा काढतो, म्हणून आपलं माप अंतिम म्हणून मांडू नका, "प्राथमिक मोजणीत तफावत आढळली, संयुक्त मोजणी व कोअर टेस्ट करावी" असं मांडा. कोअर म्हणजे मशीनने रस्त्यातून गोल तुकडा काढतात, त्यात जाडीही कळते आणि ताकदही.

एमबीत अजून बघायच्या गोष्टी. मोजणीची तारीख आणि बिलाची तारीख एकच आहे का, मोजणीच्या दिवशी सुट्टी होती का, पानांचे क्रमांक सलग आहेत का, खाडाखोड केलेल्या जागी सही आहे का. जे थर झाकले जातात त्यावर जास्त लक्ष द्या, खोदकाम, मुरूम, सोलिंग, डांबरी रस्त्यात खडीकरणाचे थर. वरचा थर सगळ्यांना दिसतो, खालचा कुणी उकरून बघत नाही, म्हणून माल तिथे मारला जातो. पूर्णत्वाच्या दाखल्यासोबतचे फोटो मोठे करून बघा, दुसऱ्याच कामाचा फोटो लावलेला सापडतो. आणि एकच रस्ता तीन नावांनी, तीन तुकड्यांत दाखवलाय का, कारण ठरावीक रकमेच्या आतलं काम ई-निविदेशिवाय देता येतं आणि तुकडे पाडले की ओळखीच्या माणसाला देणं सोपं होतं. तुलनात्मक तक्त्यात तीनही निविदा एकाच हस्ताक्षरात किंवा दर अगदी चिकटून चिकटून असतील तर ती रिंग, म्हणजे ठेकेदारांनी आपसात आधीच ठरवून भरलेल्या निविदा, असण्याची शक्यता मोठी.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या नाहीतर सगळा राग एकट्या ठेकेदारावर निघतो. समजा १० लाखांचं अंदाजपत्रक आहे. ठेकेदाराने २० टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढा कमी दर भरून ८ लाखात काम घेतलं. त्यातले समजा १५ टक्के वर वाटण्यात गेले, राहिले ६ लाख ८० हजार. त्याने स्वतःचे ८० हजार काढले, राहिले ६ लाख. ज्या रस्त्याला ९ लाखांचं साहित्य आणि मजुरी लागणार होती तो ६ लाखात करायचा आहे, तर तो पातळ करण्याशिवाय होणारच नाही. आणि ज्या इंजिनीअरने टक्का घेतलाय तो जाडी कुठल्या तोंडाने तपासणार, त्याची सही आधीच विकली गेलेली असते. माझ्या मते टक्केवारीचं खरं नुकसान हेच आहे, पैसे जातात ते जातातच पण तपासणारा माणूस कायमचा गप्प होतो. जो ठेकेदार नीट काम करू इच्छितो तो या दरात काम घेऊच शकत नाही, दोन-तीन वर्षांत तो सरकारी काम सोडून खाजगी बांधकामाकडे जातो, आणि मग उरतात ते फक्त वाटप जमणारे.

"खातो पण काम तरी करतो" याला उत्तर म्हणून मी लोकांना एक गोष्ट सांगतो. विटो टांझी आणि हमीद दावूदी या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये अनेक देशांचे आकडे तपासून मांडलं की जिथे भ्रष्टाचार जास्त तिथे सरकारची नवी बांधकामं उलट जास्त निघतात, पण देखभालीवरचा खर्च कमी होतो आणि आहे त्या रस्त्यांचा दर्जा घसरतो. त्याच्या दोन वर्षं आधी पाओलो मॉरो यांनी दाखवलं होतं की भ्रष्टाचार वाढला की गुंतवणूक कमी होते आणि त्यातून वाढीचा वेग मंदावतो. आता हे आपल्या गावाला लावून बघा. जुन्या पाइपलाइनची गळती काढायला कुणी उत्साही नसतो कारण त्यात वाटायला काही नाही, पण नवी टाकी, नवी कमान, नवं सभामंडप लगेच मंजूर होतं. म्हणजे टक्का फक्त कामातून पैसे काढत नाही, कोणतं काम व्हायचं हेच टक्का ठरवतो. आणि रस्ता दोन पावसात गेला की दूधगाडी वस्तीपर्यंत येत नाही, कांदा डोक्यावरून मुख्य रस्त्याला आणावा लागतो, एखाद्याला गावात पिठाच्या गिरणीऐवजी मोठा धंदा काढायचा असेल तर तो तालुक्याला निघून जातो. आपण त्याला मागासपणा म्हणतो, पण त्याची सुरुवात त्या नऊ सेंटीमीटरच्या कडेत झालेली असते.

मग हातात सगळं आल्यावर करायचं काय. इथे बरेच जण व्हॉट्सअॅपवर टाकून मोकळे होतात आणि प्रकरण दोन दिवसांत विरतं. इंडोनेशियात बेंजामिन ओल्केन यांनी ६०० हून जास्त गावांच्या रस्त्यांवर प्रयोग केला होता, इंजिनीअरांकडून रस्ते उकरून, कोअर काढून किती माल खरंच पडलाय ते मोजलं. ज्या गावांना आधीच सांगितलं की तुमचं सरकारी ऑडिट नक्की होणार तिथे गायब होणारा खर्च सुमारे ८ टक्के-गुणांनी कमी झाला, पण नुसती गावसभेला गर्दी वाढवून सरासरीने फारसा फरक पडला नाही. मला हे वाचून आधी वाईट वाटलं कारण माझा ग्रामसभेवर फार भरवसा होता. पण त्यातून शिकायचं ते हे की ग्रामसभेत ओरडणं पुरत नाही, ग्रामसभेचा वापर ऑडिट ओढून आणण्यासाठी करायचा. म्हणून ग्रामसभेत ठराव मांडा की या कामाची संयुक्त मोजणी व्हावी, आणि तो प्रोसिडिंगला लिहून घेतलाय का ते त्याच दिवशी बघा, सही नंतर करा. ठरावाची नक्कल, एमबीची पानं, आपली मोजणी, पाच-सहा जणांच्या सह्यांचा पंचनामा आणि फोटो, असा एकच संच करून गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्या. बांधकाम विभागाचं काम असेल तर कार्यकारी अभियंता आणि दक्षता व गुणनियंत्रण पथक. शहरात असाल तर आयुक्त. मागण्या तीनच ठेवा, संयुक्त मोजणी, कोअर टेस्ट, आणि तोपर्यंत अंतिम बिल व सुरक्षा अनामत रोखून धरणं. अनामत हा शब्द आवर्जून लिहा, ठेकेदाराला खरी काळजी तिचीच असते.

दोष दायित्व कालावधी चालू असेल तर दुसरा मार्ग आणखी सरळ आहे, दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना ५ वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते, "मेरी सडक" अॅपवर फोटोसह तक्रार टाकता येते. लोकांना हे माहीत नसतं आणि त्याच रस्त्याच्या दुरुस्तीला पुन्हा नवा निधी मंजूर होतो.

लाच थेट मागितली असेल तर मात्र हा सगळा कागदी मार्ग बाजूला ठेवा आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो, जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत तक्रार केली तरच सुटका आहे. त्यामुळे नाइलाजाने दिली आणि नंतर महिनाभराने बोललो, असं करू नका.

आता सुरक्षेबद्दल, हे मी अगदी मनापासून सांगतोय. तळेगाव दाभाड्यात जमिनीच्या घोटाळ्यांचे कागद बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. सगळीकडे असं होत नाही पण धमकी, बहिष्कार, खोटी केस हे होतं. अर्ज एकाच्या नावाने करू नका, तीन-चार जणांनी वेगवेगळे करा. देशातला कुठलाही नागरिक अर्ज करू शकतो, त्यामुळे पुण्या-मुंबईत राहणाऱ्या भावाच्या, मित्राच्या नावानेही चालतो. प्रत्येक कागदाची प्रत गावाबाहेरच्या दोन माणसांकडे ठेवा आणि ती तशी ठेवली आहे हे चार लोकांना कळू द्या. ग्रुपवर फक्त कागद आणि मोजमाप टाका, "चोर" हा शब्द टाकू नका, मानहानीची केस त्याच शब्दावर होते. धमकी आली की त्याच दिवशी पोलिसात लेखी द्या.

आणि तोडपाणी. ठेकेदाराचा माणूस येईल, चहाला बोलवेल, मंदिराला देणगी देतो म्हणेल, तुमच्या गल्लीतलं गटार फुकट करून देतो म्हणेल. त्या गटाराला हो म्हटलं तरी संपलं, त्यानंतर तुमच्या गावातल्या कुठल्याच अर्जाला किंमत राहत नाही आणि खरं काम करणारा पुढचा माणूसही ब्लॅकमेलर ठरतो. आमच्याकडे असा निरोप आला तेव्हा आम्ही तो पुढच्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर सांगितला. त्यानंतर पुन्हा कुणी आलं नाही.

निवडणुकीच्या आधी कागद लोकांसमोर ठेवणंही कामाचं आहे. ब्राझीलमध्ये २००३ पासून सोडत काढून नगरपालिका निवडायचे आणि त्यांचं ऑडिट करून अहवाल जाहीर करायचे, २००४ च्या निवडणुकीत ज्यांच्या अहवालात भ्रष्टाचार निघाला त्या महापौरांचं पुन्हा निवडून येणं कमी झालं, आणि जिथे स्थानिक रेडिओ होता तिथे ते आणखी कमी झालं. आपल्याकडे राजस्थानात कोट किराना गावी डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली तेव्हा केलं तेच, कामाचे कागद लोकांसमोर वाचून दाखवले. तेवढंच करा, भाषण नको, एमबीतली ओळ वाचा आणि जागेवरचं माप वाचा.

आमच्या रस्त्याचं काय झालं ते सांगतो. संयुक्त मोजणी दोनदा रद्द झाली, तिसऱ्यांदा झाली, माप आमच्यापेक्षा थोडं जास्त निघालं पण एमबीपेक्षा बरंच कमी. वसुलीचा आदेश निघाला, पूर्ण वसुली अजून झालेली नाही, त्याच्या तारखांसाठी आमचा एक अर्ज चालू आहे. ओढ्याकडचा तुकडा ठेकेदाराने दोष दायित्वात उखडून पुन्हा केला आणि तो या पावसात टिकला. आता शाळेच्या कंपाउंड वॉलचं काम निघालंय. यावेळी बिल निघायची वाट बघितलेली नाही, वर्क ऑर्डर झाली त्याच आठवड्यात अंदाजपत्रकाची नक्कल मागून घेतली, ती शाळेच्या भिंतीवर चिकटवली, आणि पाया उघडा आहे तोपर्यंत रोज संध्याकाळी कुणीतरी एक जण टेप घेऊन जातो, खोली मोजतो आणि वहीत तारीख टाकून लिहितो. काल गवंडी काकांची पाळी होती.